पेशीचा दिवस

पहाटे ४.३०

सपरीतला दिवा लागतो. भावाचं घर कौलारू. पुढच्या सपरीचा अर्धा भाग ताट्या लावून बंद केलेला, तो तिचा आणि पोरीचा. घरात गॅस आहे, पण सिलिंडर भावाच्या संसाराचा, म्हणून ती चूल पेटवते. जुलैचा शेवटचा आठवडा. काड्या ओल्या. दोनदा फुंकल्यावर धूर, मग जाळ. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, तव्यावर परतलेल्या मिरच्या. पोरीचा डबा, भावाच्या घरच्यांचं जेवण आणि स्वतःसाठी रुमालात बांधलेला भात, सगळं एकाच चुलीवर.

रात्री तिनं हातापायांना मेंदी थापली होती. रोवणीच्या दिवसांत पायांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून फाटते. त्यावर मेंदी. आता ती सुकलेली मेंदी खरवडून काढते. खाली लालभडक रंग, आणि त्यात भेगा.

वय ३३. नाव लिहू नका, असं तिनं आधीच सांगितलं. गाव साकोलीहून सानगडीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचं. लग्न २०१४ सालचं. पोरगी ९ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत. फारकत २०२२ मध्ये झाली. नवऱ्यानं आपल्या जिल्ह्यातल्या कोर्टातून एकतर्फी हुकूमनामा मिळवला. नोटीस जुन्या पत्त्यावर गेली होती. तिला कळलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

खुंटीला एक पिशवी. धानाच्या बियाण्याची, जाड प्लास्टिकची. तिच्यात कोर्टाचे कागद. आज पेशी आहे. ती पिशवी काढून ताटीजवळ ठेवते आणि विळा शोधायला लागते. पेशी ११ वाजता. त्याआधी ३ तास रोवणीचे.

सकाळी ६.००

बांधीत घोट्याच्या वर पाणी. काल ट्रॅक्टरनं चिखलणी केलेली. गडीमाणसांनी पऱ्हे खणून पेंढ्या बांधून धुऱ्यावर टाकल्यात. अकरा बायका ओळीनं वाकतात. डाव्या हातात पेंढी. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं, दोन-तीन काड्या, चिखलात दाब, हात वर. पुन्हा. माणूस मागं मागं सरकतो आणि पुढं हिरवं होत जातं. पावसाची सर आली की पाठीवरची पन्नी वाजते. कोणी सरळ होत नाही. एकदा सरळ झालं की परत वाकताना जास्त दुखतं, असं त्या सांगतात.

दिवसाची रोजी ३०० रुपये. नवाला निघणारीला अर्धी धरायची, असं बांधीवाल्यानं कबूल केलंय. वेळेचा हिशेब केला तर तो तिच्या बाजूचा आहे. बाकीच्या बायकांनी कुरकुर केली नाही. तिच्या पातीचा उरलेला भाग शेजारीण ओढणार, तिनं संध्याकाळी फेडायचा.

बांधीवाला धुऱ्यावर छत्री घेऊन उभा.

“बाई, तुही पेशी दर महिन्याले राहते.”

“पैसे दर महिन्याले आले असते तं पेशी कायले लागली असती जी?”

बायका हसतात. हात थांबत नाहीत.

सकाळी ९.००

बोरिंगवर पाय धुणं. चिखल निघतो, नखातला निघत नाही. घरी येऊन लुगडं बदलायचं. पोरगी शाळेच्या कपड्यांत तयार. तिला एकच प्रश्न पडलाय: “आज बाबा येन का?” आई वेणी घालता घालता म्हणते, “वकील मॅडम मनल्या येन मनून.” पोरीनं रेनकोट मागितलाय. पिशवी काखेत. पायांत रबरी चपला. भाताचा रुमाल वेगळा, कागदांना ओल लागू नये म्हणून.

सकाळी ९.४०

एसटी चुकली. बायकांना एसटीत अर्धं तिकीट, मार्च २०२३ पासून. साकोलीपर्यंत ११ रुपये पडतात. काळीपिवळीत अर्धं-पूर्ण काही नसतं, सरळ ३० रुपये. ती थोडा वेळ रस्त्याकडं बघते. मग काळीपिवळीत बसते. ११ ला पुकारा झाला आणि आपण नसलो तर, ही धास्ती १९ रुपयांपेक्षा मोठी.

जीपमध्ये मागच्या बाजूला चार जण दाटीवाटीनं. पिशवी मांडीवर. ती मला वरचा कागद काढून दाखवते. एप्रिल २०२४ चा आदेश. तिला महिना ३,००० आणि पोरीला २,०००. अर्ज केला त्या फेब्रुवारी २०२३ पासून. ही खरी नक्कल, शिक्क्याची. पोटगीच्या आदेशाची नक्कल जिच्या बाजूनं निकाल लागला तिला फुकट द्यायची, असं कायद्यातच लिहिलंय. ती सांगते, “याचे पैसे नाई लागले.” कागदाच्या घड्या आता फाटायला आल्यात. मागून तिनं सेलोटेप लावलीय.

तिकडे सगळे खावटी म्हणतात. पोटगी हा शब्द फक्त कागदावर.

सकाळी १०.२०

साकोली. महामार्गावरचा उड्डाणपूल, त्याखालून गावात. ट्रक वरून निघून जातात, खाली पोह्यांच्या गाड्या, खताच्या दुकानांसमोर ट्रॅक्टर. हंगाम असल्यानं गर्दी युरियाच्या दुकानात आहे.

झेरॉक्सच्या दुकानात २४ पानं. दोन रुपये पान, ४८ रुपये. पासबुकाची तीन पानं त्यात जास्तीची घेतलीत. नवऱ्याकडून खात्यात फारसं काही आलेलं नाही, हे दाखवायला. पासबुकात ओळीनं १,५०० दिसतात. ते लाडक्या बहिणीचे, राज्य सरकारचे. नवऱ्याच्या नावाची नोंद दोनच ठिकाणी, १०-१० हजारांची. दोन्ही वेळा मागं वॉरंट लागलं होतं.

सकाळी १०.४५

न्यायालयाच्या आवाराजवळ टिनाच्या शेडखाली टंकलेखक. टाइपरायटर गेला, आता संगणक आणि छोटा प्रिंटर, वर प्लास्टिकचा कागद टाकलेला. पान २० रुपये. वसुलीचा नवीन अर्ज दोन पानांचा. वकील मॅडमनी मसुदा हातानं लिहून दिलाय, टंकलेखक तो वाचून घेतो.

म्हातारा माणूस. बोटं अजून टाइपरायटरसारखी जोरात आपटतात. वर कलम टाकताना थांबतो. “आता १४४ लिवाचं.” १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. जुनं १२५ कलम आता १४४ झालं. आवारात मात्र अजून सगळे “एकशे पंचवीस” म्हणतात. ती पण.

तो जुन्या दिवसांचं सांगतो. ५०० रुपयांच्या वर खावटी देताच येत नव्हती. नवरा मास्तर असो की मिलचा मालक, कायद्यात वरची मर्यादाच तेवढी होती. २००१ मध्ये ती काढली. “त्याच्याआधी बाया यायच्या, शंभर-दीडशे रुपयांचे अर्ज म्याच टाइप केले.” हे सांगताना त्याचा हात थांबलेला नसतो.

अर्जाला कोर्ट फीचं तिकीट लागत नाही. महाराष्ट्रात बायकांच्या पोटगीच्या, घटस्फोटाच्या प्रकरणांत १९९४ पासून फी माफ आहे. तरी ४० रुपये टायपिंगचे, ४८ झेरॉक्सचे, ३० जीपचे. पेशीचे बारीक खर्च असेच लागत जातात.

सकाळी ११.१०

वकील मॅडम तालुका विधी सेवा समितीनं दिलेल्या. बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो, असं १९८७ चा कायदा सांगतो. बऱ्याच बायकांना हे माहीत नसतं. हिला अंगणवाडीच्या ताईनं सांगितलं.

मॅडम मोबाईलवर आजचा बोर्ड बघतात. नंबर ३४. म्हणजे एकच्या आसपास. तोपर्यंत बाकावर बसून त्या तिला परत एकदा सगळं समजावतात, कारण दर वेळी गावात कोणीतरी काहीतरी वेगळं सांगून तिच्या मनात घालतं.

“फारकत झाली तरी खावटी राहते का मॅडम? माही चुलती मने, फारकत झाली का सरलं.”

“राहते ताई. दुसरं लग्न करत नाही तोपर्यंत राहते. या कायद्यात घटस्फोट झालेली बाईसुद्धा ‘पत्नी’ धरली आहे.”

दुसरी वाटही होती. हिंदू विवाह कायद्याच्या २५ व्या कलमात कायमस्वरूपी पोटगी मागता येते, हुकूमनाम्याच्या वेळी किंवा त्यानंतर कधीही. पण त्यासाठी तिला नवऱ्याच्या जिल्ह्यातल्या कोर्टात खेटे घालावे लागले असते. १२५ चा अर्ज बाई जिथं राहते तिथं करता येतो. साकोलीचं कोर्ट, ११ रुपयांचं अंतर. मॅडमनी वाट निवडली ती बस बघून. वकिली अशीही असते, आणि ती मला फार मोलाची वाटते.

दुसरा प्रश्न रोजीचा. नवऱ्याच्या वकिलानं मागच्या पेशीला म्हटलं होतं की बाई कमावते, वर सरकारचे दीड हजार मिळतात, मग खावटी कशाला? मॅडम सांगतात, २००७ साली सर्वोच्च न्यायालयानं चतुर्भुज विरुद्ध सीताबाई या प्रकरणात हे मिटवलंय. बाई पोटापुरतं थोडंफार कमावते म्हणून तिचा हक्क जात नाही. तेवढ्यात तिचं भागतं का, हे बघायचं. ती मान हलवते. रोवणी महिनाभर. मग निंदण. मग कापणी दिवाळीच्या आगेमागे. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचे काही दिवस. रोजगार हमीचं काम निघालं तर ३१२ रुपये रोज. मधले महिने रिकामे. हे सगळं शपथपत्रात लिहिलंय.

ते शपथपत्र मी हातात घेऊन बघितलं. दोघांनीही आपापली मिळकत, खर्च, कर्ज, जमीन, गाडी, सगळं त्यात लिहून द्यायचं. हा नमुना सर्वोच्च न्यायालयानं ४ नोव्हेंबर २०२० रोजी घालून दिला, रजनेश विरुद्ध नेहा या निकालात. ते प्रकरण इथून शंभरेक किलोमीटरवरचं, नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात २०१३ मध्ये सुरू झालेलं. त्याच निकालानं पक्कं केलं की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. शेतीवर जगणाऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. जमीन किती, कोरडवाहू की ओलिताची, पीक कोणतं, जनावरं किती. हिच्या नमुन्यात बहुतेक रकान्यांपुढं ‘नाही’. जनावरांपुढं ‘शेळी १’.

नवऱ्याच्या शपथपत्रात उत्पन्न महिना ६,०००. दुसऱ्याच्या पिकअपवर ड्रायव्हर. मॅडमनी कोर्टाकडून आरटीओची नोंद मागवून घेतली. पिकअप त्याच्याच नावावर निघाला. तेव्हा त्यांनी गाडीच्या जप्तीचा अर्ज टाकला. आज तो येईल असं त्या ठामपणे म्हणतात ते यामुळं.

दुपारी १२.३०

तो आलाय. स्वच्छ शर्ट. सोबत त्याचा वकील आणि मोठा भाऊ. ती लिंबाच्या झाडाखाली, तो शेडजवळ. दोघं एकमेकांकडं बघत नाहीत. एकदा त्याची नजर तिच्या रंगलेल्या हातांवर जाते. ती हात पदराखाली घेते.

मोठा भाऊ पुढं येतो. जुन्या नात्यानं बोलतो, “बाई, ऐका. एकरकमी घेऊन मोकळे व्हा. दीड लाख. आजच लिहून देऊ. तुमालेही पेश्या नाई, त्यालेही नाई.”

दीड लाख. तिनं एवढे पैसे एका जागी कधी बघितलेले नाहीत. चेहऱ्यावर ते दिसतं. भावाच्या घराचं सपरीवरचं छप्पर गळतं. पोरगी पाचवीत जाईल तेव्हा साकोलीला पाठवायची आहे. ती मॅडमकडं बघते.

मॅडम अर्जाच्या मागच्या बाजूला पेननं लिहितात. मोठ्यानं नाही, तिला दिसेल असं. फेब्रुवारी २०२३ ते जुलै २०२५. ३० महिने. महिना ५,०००. दीड लाख. त्यातले आले २०,०००. बाकी १,३०,०००.

“हे तर त्याला द्यावंच लागणार आहे, ताई. म्हणजे दीड लाखात पुढचे किती देतो?”

ती बोटांवर मोजते. बेचक्यांवर अंगठा, जशी पेंढ्या मोजते तशी.

“वीस हजार.”

“वीस हजार म्हणजे किती महिने?”

“चार.”

मोठा भाऊ जमिनीकडं बघतो. त्यानं हा हिशेब केला नव्हता की केला होता, मला सांगता येणार नाही. पण मी तिच्या चेहऱ्याकडं बघत होतो, आणि दीड लाखाचा आकडा तिथून उतरताना मला दिसला.

मॅडम अजून एक गोष्ट सांगतात. आईनं सही केली म्हणून पोरीचा हक्क संपत नाही. पोरीचे २,००० पोरीचे आहेत. बापाची जबाबदारी तिच्या आईच्या सहीनं सुटत नाही. एकरकमी हा वाईटच मार्ग असतो असं नाही. नवरा परदेशी निघून जाणार असेल, आजारी असेल, त्याच्याकडं विकण्यासारखी एकच वस्तू असेल, तर एकदाच हातात आलेला पैसा बरा. आकडा मात्र पुढच्या वर्षांचा असला पाहिजे, मागच्या बाकीचा नाही.

“विचार करतो मनून सांगा,” ती म्हणते. नाही म्हणत नाही अजून.

दुपारी १.२०

पुकारा. शिपाई दोघांची नावं घेतो. पिशवी घेऊन ती आत जाते, चपला दाराशी काढते. काढायची गरज नसते, तरी काढते.

आत सगळं मिनिटांत होतं. न्यायाधीश विचारतात, बाकी का भरली नाही. त्याचा वकील म्हणतो, पावसाळ्यात भाडी नाहीत, आज १५,००० आणलेत, उरलेल्यांना मुदत द्यावी. मॅडम आरटीओच्या कागदावर बोट ठेवतात. धडधाकट नवऱ्यानं अंगमेहनत करून का होईना बायको-पोरांना पोसलंच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये पुन्हा सांगितलंय. त्या निकालाची प्रत त्या पुढं करतात. न्यायाधीश गाडीच्या जप्तीचा अर्ज पुढच्या तारखेवर ठेवतात. तोपर्यंत निम्मी बाकी भरली नाही तर त्या दिवशी जप्तीचा आदेश. पेशी २१ ऑगस्ट. पोळ्याच्या आदल्या दिवशी.

कायद्यात तुरुंगही आहे. थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद देता येते. आणि कैद भोगली म्हणजे देणं फिटलं असंही नाही. ते देणं तसंच उभं राहतं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्ये कुलदीप कौर यांच्या प्रकरणात स्पष्ट केलं. पण ती तुरुंग मागत नाही. मी बाहेर विचारलं, का.

“तो आत बसला तं गाडी कोण चालवन? पैसे कोठून आणन?”

गाडीच्या जप्तीचंही तसंच. गाडी ठाण्यात लागली की भाडी बंद. म्हणून मॅडम तो अर्ज दाबून धरतात, रेटत नाहीत. खावटी वसूल करणाऱ्या बाईला नवऱ्याच्या कमाईची काळजी करावी लागते. नवरा सरकारी नोकरीत असता तर पगारातून परस्पर कापून आले असते. कारखान्यात असता तरी मालकाला आदेश देता आला असता. स्वतःच्या पिकअपवाल्याचा पगार कोण कापणार?

दुपारी २.१०

जेवणाची सुट्टी. व्हरांड्यात १५,००० मोजले जातात. ५०० च्या ३० नोटा. ती दोनदा मोजते. मग पुरसीस, म्हणजे पैसे मिळाल्याचं कोर्टाला लिहून देणं. मॅडम आकडा अक्षरी लिहितात, तारीख लिहितात, ‘एकूण थकबाकीपैकी’ हे शब्द आवर्जून घालतात. नुसतं ‘पोटगी मिळाली’ असं लिहिलं तर उद्या पूर्ण मिळाली असा अर्थ निघेल.

ती सही करते. चौथीपर्यंत शिकलेली. पेन घट्ट धरते, नखांत सकाळचा चिखल. अक्षरं एकेक करून. सही संपेपर्यंत कोणी बोलत नाही, घाई करत नाही.

मॅडम बजावतात, “यापुढं रोख घेऊ नका. खात्यात टाकायला सांगा. गावात येऊन दोन हजार हातात देईल आणि इथं येऊन दहा दिले म्हणेल.” दुसरी सूचना तारखेची. थकलेल्या पैशांसाठी एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो, नाहीतर वॉरंट निघत नाही. मागचा अर्ज मार्चमध्ये केला होता, फेब्रुवारीपर्यंतच्या बाकीचा. आज सकाळी टाइप केलेला त्यानंतरच्या पाच महिन्यांचा. आदेश एकदाच होतो. वसुलीचे अर्ज होतच राहतात.

मग ती आवाराच्या पायरीवर बसून भात खाते. चहा १० रुपयांचा. मॅडमना पण देते. त्या नको म्हणत नाहीत.

दुपारी ३.००

बँक. रांगेत २० मिनिटं. १५,००० पैकी ११,००० खात्यात. ४,००० हातात ठेवते. त्यातले २,००० भावाचे, दोन महिन्यांपूर्वी पोरीला ताप आला तेव्हाचे. किराणा दुकानाची ९०० उधारी. पोरीचा रेनकोट २५० ला. रंग निळा की गुलाबी यावर ती बराच वेळ दुकानात घालवते. शेवटी निळा. पुढच्या वर्षीही बसेल असा, एक माप मोठा.

रजिस्टर घ्यावं का, असं ती मला विचारते. कसलं? “पैशाचं. कधी आले, किती आले.” २० रुपयांची वही घेते.

दुपारी ४.१५

या वेळी एसटी मिळाली. ११ रुपये. खिडकीतून दोन्ही बाजूंना बांध्या. निम्म्या हिरव्या, निम्म्यांत नुसतं पाणी. ती त्या मोजत नाही, पण कुणाची रोवणी कुठवर आली ते तिला कळतं. “यायचं परवा सरन. मंग आमी रिकाम्या.”

एकरकमीचं विचारलं.

“चार महिन्याचे देऊन जलमभराचं सोडवून घ्या मनते.”

मग बराच वेळ काही नाही. गावाच्या अलीकडं ती म्हणते, “माह्यासाठी घेतलंही असतं एक वेळ. पोरीचं मी कसं सोडू?”

संध्याकाळी ५.००

ती घरी थांबत नाही. रेनकोट पोरीच्या हातात, पिशवी खुंटीला, लुगडं बदललं, परत बांधीत. शेजारणीनं सकाळी ओढलेल्या पातीची फेड. दीड तास. पाऊस थांबलाय, डास उठलेत. पाठ वाकवताना ती एकदा कमरेवर हात ठेवते. बाकी बायकांना बातमी हवी.

“आला होता का वो?”

“आला.”

“देल्ले?”

“पंधरा.”

“बाकीचे?”

“पोळ्याले.”

म्हातारी बाई, ओळीतली सगळ्यांत मोठी, चिखलात काडी दाबत म्हणते की तिच्या वेळी कोणी कोर्टात जातच नव्हतं. नवऱ्यानं टाकलं की माहेरच्या चुलीशी बसायचं, वहिनीचं ऐकून घ्यायचं. ती तशीच बसली होती. किती वर्षं, ते ती सांगत नाही. संगमनेरला १९८८ मध्ये टाकलेल्या बायकांची परिषद भरली, परित्यक्ता परिषद. तेव्हा या बाईचं वय पस्तिशीच्या आसपास असावं. तिच्यापर्यंत त्यातलं काही पोचलं नव्हतं.

रात्री ८.००

जेवणं झाली. भावाला २,००० दिले. तो नको नको म्हणाला आणि घेतले. वहिनीनं वरण जास्त वाढलं.

नवीन वहीच्या पहिल्या पानावर पोरगी लिहिते, आई सांगते. आले १५,०००. बाकी १,१५,०००. खाली आजचा खर्च. जीप ३०, झेरॉक्स ४८, टायपिंग ४०, चहा २०, बस ११, वही २०. बेरीज १६९. पोरीनं बरोबर केली. रोजी अर्धी मिळाली, १५०. अर्धी बुडाली, तीही १५०. ती पण लिही, आई म्हणते. पोरगी विचारते, बुडालेली कुठं लिहायची? बराच विचार करून दोघी ती खर्चात टाकतात. ३१९.

मागच्या पेशीला तो आलाच नव्हता. त्या दिवशीही एवढेच गेले होते आणि आला होता शून्य. त्याच्या मागच्या पेशीलाही.

रात्री ८.४०

मॅडमचा फोन. समोरच्या वकिलानं विचारणा केलीय, एकरकमीचं काय ठरलं. आकडा थोडा वाढवू म्हणतोय. दोन लाख.

ती पोरीकडून वही घेते. पाठीमागच्या पानावर स्वतः लिहून बघते. दोन लाखातून बाकी वजा. ८५,०००. त्याला पाचानं भागते. बोटांच्या बेचक्यांवर परत मोजते, एकदा चुकते, पोरगी दुरुस्त करते.

“सतरा महिने होतात मॅडम.”

पलीकडून काहीतरी बोलणं.

“नाई जी. नको मनून सांगा. दर महिन्याले खात्यात टाक मना. आन् पोरीचे वेगळे दाखवाचे.”

फोन ठेवते. लगेच दुसरा वाजतो. रोवणीवाल्या बायकांची पुढारीण. उद्याची बांधी तळ्याच्या पलीकडची, लांब आहे, साडेपाचला निघायचं.

“येतो,” ती म्हणते. “पूर्ण रोजी.”